चित्रात न दिसणारं औषध

मेंदूचं वजन शरीराच्या अवघं दोन टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं जवळजवळ पंधरा टक्के हा पठ्ठ्या एकटा घेतो! एवढं रक्त, तरी साध्या एक्स-रेत त्याची एकही वाहिनी दिसत नाही. दिसते ती कवटी. रक्त काय, मेंदू काय, दोन्ही बहुतांशी पाणीच. किरण दोघांतूनही सारखेच आरपार.

मग रक्त वेगळं दाखवायचं कसं? लिस्बनच्या एगास मोनीझने १९२७ साली उत्तर शोधलं: रक्तातच जड अणू मिसळा. पाण्यातल्या ऑक्सिजनच्या अणूत ८ प्रोटॉन, आयोडीनच्या अणूत ५३. तो एक्स-रे अडवतो. मोनीझने आधी ब्रोमाइड वापरलं, त्यात एक रुग्ण दगावला. मग सोडियम आयोडाइड मानेतल्या धमनीत सोडलं आणि जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या फिल्मवर उमटल्या. तेही किती घाईत! मेंदूत शिरलेलं रक्त काही सेकंदांत शिरांवाटे बाहेर पडतं. (मोनीझला १९४९चं नोबेल मिळालं ते मात्र यासाठी नाही, तर मेंदूच्या एका शस्त्रक्रियेसाठी, ती आज बदनाम आहे. नोबेलवाल्यांचा नेम चुकलाच.)

आज सीटी अँजिओग्राफीला मोनीझसारखी मान कापावी लागत नाही. हाताच्या शिरेत सुई, पंपाने ढकललेलं आयोडीन, अंगभर ऊब, तोंडात धातूची चव, की झालं.

वाहिनी दिसली खरी, पण तिच्यात दम किती उरलाय? त्यासाठी देतात ॲसिटाझोलामाइड. चक्क काचबिंदूचं आणि गिर्यारोहकांचं औषध! ते चित्रात दिसतच नाही. शिरेतून साधारण एक ग्रॅम दिलं, की मेंदूत कार्बन डायऑक्साइड साचतो, बारीक धमन्या सैलावतात आणि पंधरा-वीस मिनिटांत निरोगी भागातला रक्तप्रवाह चांगला तीस टक्क्यांनी, कधी त्याहूनही जास्त वाढतो. औषधाआधी एक स्कॅन, नंतर दुसरा.

आणि मोठी धमनी जिथं चोंदलीय तिथं? तिथल्या बारीक धमन्या बिचाऱ्या आधीच पूर्ण सैलावलेल्या. उजनी धरणाचं पाणी कमी दाबाने येत असताना पूर्ण उघडलेली तोटी आणखी फिरवून काय होतं, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. बाकीचा मेंदू उजळतो, तेवढाच भाग मागे राहतो. कधी तर तिथलं रक्त घटतं, कारण शेजारच्या सैलावलेल्या वाहिन्या ते ओढून नेतात! पुढे लकव्याचा धोका कुठं आहे, ते डॉक्टरांना असं कळतं.

अशी तपासणी ठरली, तर किडनीचा त्रास, मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी, आयोडीनच्या इंजेक्शनची किंवा सल्फाच्या औषधांची ॲलर्जी, यातलं जे असेल ते सुई टोचण्याआधीच सांगा.