लांच देणाराचा अपराध

पुण्याहून सोलापुरास जाणारा हमरस्ता भिगवणवरून इंदापुरास पोहोंचतो. बारामती त्याच्या दक्षिणेस आहे. अशा रस्त्यावर शिपायानें गाडी अडविली आणि कागदपत्रांत उणीव निघाली, तर प्रवाशाच्या खिशांतील पैसे दोन वाटांनीं जाऊं शकतात. एक वाट दंडाची. तिला कायद्याचें कलम असतें, पावती किंवा ई-चलन असतें व पैसे सरकारी तिजोरींत जमा होतात. दुसरी वाट चिरीमिरीची. ती स्वस्त भासते व मागें खूण ठेवीत नाहीं. पण कागदपत्रें चोख असूनहि ज्याला पैशांसाठीं खोळंबून ठेवलें जातें, तो नाइलाजानें देणाराहि अपराधीच कीं काय?

हा प्रश्न या मुलखाला नवा नाहीं. पुण्यास ठाणें असलेल्या मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर १८८८ सालीं लांचखोरीचे आरोप आले. इंदापूर तालुका व त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतील बारामती हीं दोन्ही त्याच विभागांत होतीं. नेमणुकीसाठीं वा बदली टाळण्यासाठीं आपण पैसे दिले, असें कित्येक मामलेदारांनीं सांगितलें. कारण सरकारनें त्यांस अभय दिलें होतें. पुढें त्या अभयावरच वादळ उठलें आणि कांहीं मामलेदारांच्या नोकऱ्या गेल्या. १८८९ सालीं लोकमान्य टिळकांनीं त्यांची बाजू घेतली, ती लांचेच्या समर्थनार्थ नव्हे, तर सरकारनें आपला शब्द पाळावा म्हणून.

पोलीस खात्याचें दुखणेंहि जुनेंच. १९०२ सालीं नेमलेल्या फ्रेझर कमिशननें पोलिसांतील लांचखोरीवर कडक ताशेरे ओढले व शिपायाच्या तुटपुंज्या पगाराकडे लक्ष वेधलें. हाँगकाँगमध्यें गॉडबर नांवाचा वरिष्ठ पोलीस अधिकारी १९७३ सालीं चौकशी चालू असतांच पळून गेला; लोकक्षोभ उसळला आणि १९७४ सालीं पोलिसांपासून स्वतंत्र असें चौकशी-मंडळ स्थापन झालें. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दारीं ती नेण्याची पाळी येऊं नये, हें त्याचें मर्म.

भारतांत १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यास २०१८ सालीं दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणें लांच देणाराहि सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरतो. मात्र ज्याला ती बळजबरीनें द्यावी लागली, त्यानें सात दिवसांच्या आंत तक्रार केल्यास त्याला ही शिक्षा लागत नाहीं. मागणी होतांच, पैसे देण्यापूर्वींच, लांचलुचपत प्रतिबंधक खात्यास १०६४ या क्रमांकावर कळविणें अधिक हिताचें. खातें प्रथम पंचांसमक्ष मागणीची खातरजमा करतें व मगच सांपळा रचतें.

रहिवाशानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. फिर्याद नोंदविण्यास पैसा पडत नाहीं. तिची नक्कलहि विनामूल्य मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याहि ठाण्यांत देतां येते. इंदापूरच्या हद्दींत सामान चोरीस गेलेला प्रवासी ती बारामतींतहि देऊं शकतो.

क्रॉफर्ड प्रकरणांतील मामलेदारांचें अभय सरकारच्या शब्दावर अवलंबून होतें. आजच्या नागरिकाचें अभय कायद्यांत लिहिलेलें आहे. पण त्याची मुदत सात दिवसांची आहे. आठव्या दिवशीं तोच पीडित आरोपी ठरूं शकतो.