खेळ एकाचा, जीव दुसऱ्याचा!

मांजराचा होतो खेळ, पण उंदराचा जातो जीव, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण हल्ली काही घरांत मांजरावरच उंदराची वेळ आलेली दिसते! कारण त्या घरात एक नवा पाहुणा आलेला असतो. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, वीतभर पाय, रबरी चेंडूसारख्या उड्या आणि क्षणभर स्वस्थ बसणं नाही. हा टेरियर!

पूर्वी आपल्या तालुक्याच्या गावात कुत्रा म्हणजे दारातला मोत्या, नाहीतर एखाद्या बंगल्यातला पॉमेरियन किंवा अल्सेशियन. आता मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला असतात. तिथे हौसेने पिल्लू घेतात, मग ड्युटीच्या वेळा जमत नाहीत, सोसायटीची कुरकुर सुरू होते, आणि दिवाळीला येताना पिल्लू गावी येतं ते आई-वडिलांकडेच राहतं. इथे घरात आधीच एक मनी असते, गॅलरीत लव्हबर्ड्‌सचा पिंजरा, परसात चार कोंबड्या. या सगळ्यांचा सांभाळ अर्थातच घरातल्या बाईकडे!

तसा हा पाहुणा आपल्याला अगदीच अनोळखी नाही बरं का. आपल्या घरातल्या जुन्या एचएमव्हीच्या तबकड्या आठवा. कर्ण्यापुढे मान तिरकी करून बसलेला तो कुत्रा म्हणजे निपर, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. तो टेरियर वळणाचाच होता. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना दात लावायची सवय म्हणून त्याचं नाव निपर पडलं, असं सांगतात. चित्रात किती शहाणा दिसतो, नाही?

टेरियर हा शब्दच मुळी ‘टेरा’ म्हणजे जमीन या लॅटिन शब्दावरून आला. बिळात शिरणारा, जमीन उकरणारा तो टेरियर. यॉर्कशायरच्या गिरणी कामगारांनी उंदीर मारायला जो पाळला, तो यॉर्कशायर टेरियर. आपल्याकडे हल्ली दिसतो तो जॅक रसेल हा जॉन रसेल नावाच्या इंग्रज पाद्रीबुवांच्या नावाचा. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ मध्ये, त्यांनी एका गवळ्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून या कुळाची सुरुवात झाली. या कुत्र्यांचं काम काय? कोल्हा बिळात दडला की त्याच्यामागे आत शिरायचं आणि त्याला मारायचं नाही, तर भुंकून भुंकून, हैराण करून बाहेर काढायचं!

आता पाहा हं, मनी दिवाणाखाली जाऊन बसली की टेरियर दिवाणापुढे पोट टेकून तासभर भुंकत का बसतो, याचं उत्तर इथेच मिळतं. त्याच्या लेखी दिवाण म्हणजे बीळ आणि मनी म्हणजे कोल्हा. खोड्या काढायच्या म्हणून तो हे करत नाही. दोनशे वर्षं माणसानेच त्याला हे काम दिलंय. फक्त आता काम उरलं नाही आणि अंगातली रग मात्र तशीच आहे.

आमच्या महिला मंडळातल्या एका काकूंच्या घरी हेच चाललं होतं. कुत्रा मांजराची शेपटी ओढायचा, तिच्या ताटलीतलं दूध पिऊन टाकायचा, ती झोपली की अंगावर उडी. सगळं घर खो खो हसायचं. नातू मोबाइलवर शूटिंग करायचा. काकूंच्या सासूबाई तेवढ्या म्हणायच्या, “अगं, ती हसतेय का ते बघा एकदा!” पण म्हाताऱ्या माणसाचं कोण ऐकतं? हळूहळू मनी माळ्यावरून खाली उतरेना. दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते रागावलेच. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तर त्याच्या यकृतावर चरबी चढते आणि ते जिवावर बेतू शकतं. सततच्या भीतीने बोक्यांची लघवीसुद्धा अडते. वेळेवर सलाइन मिळालं म्हणून मनी वाचली.

मग खेळ कुठला आणि छळ कुठला, हे ओळखायचं कसं? खेळात पाळी बदलते. कधी हा मागे पळतो, कधी ती. कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर करतो, म्हणजे ‘चल, खेळू या’ असं आमंत्रण देतो. मध्ये थांबतो, मग पुन्हा सुरू करतो. पण एकच जण कायम पळत असेल, कान मागे पाडून, शेपटी फुगवून फिस्कारत असेल, लपून बसत असेल, तर तो खेळ नव्हे. आणि कुत्रा एकाएकी गप्प होऊन, अंग ताठ करून टक लावून बघायला लागला, तर लगेच उठा. ती शिकारीची तयारी असते.

घरात शांतता नांदायला काही गोष्टी करता येतात.

नवीन कुत्रा आला की पहिले काही दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावं. एकाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं दुसऱ्याला हुंगायला द्यावं, म्हणजे वासाची ओळख आधी होते. समोरासमोर आणताना कुत्र्याला पट्टा हवाच. तो मांजराकडे बघून शांत राहिला की लगेच खाऊ द्यावा. याला आठवडे लागतात, कधी महिनेसुद्धा. घाई नको.

मांजराला उंचावर स्वतःची जागा द्या. कपाटावर, फळीवर, जिथे कुत्रा पोचणार नाही. तिचं खाणं-पिणंही तिथेच.

टेरियरला रोज दोनदा चांगलं पळवा. परसात एका कोपऱ्यात वाळू टाकून त्यात खाऊ पुरून ठेवा, उकरू दे मनसोक्त! ओढायला जुना दोर द्या. दमलेला टेरियर शहाणा असतो.

मारू नका. मार खाल्ला की तो मांजरावरच जास्त राग धरतो. आणि हसूही नका, कारण आपलं हसणं ही त्याला मिळालेली शाबासकी असते.

पक्षी, ससे आणि कोंबडीची पिल्लं यांच्याशी मात्र त्याची मैत्री व्हायची वाट पाहू नका. चपळ हलणारं, चिवचिवणारं काही दिसलं की तो धरून झटकतो, आणि एका झटक्यात खेळ संपतो. ससा तर नुसत्या भीतीनेही मरतो. तेव्हा खुराड्याला भक्कम जाळी लावा, पिंजरा उंचावर ठेवा आणि मध्ये बंद दार हवंच. (जाता जाता, आपल्याकडचा हिरवा रानपोपट पिंजऱ्यात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, हेही लक्षात असू द्या.)

भांडण जुंपलंच तर मध्ये हात घालू नका. अंगावर चादर टाका किंवा पाणी ओता. चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा. हळद-चुना लावत बसू नका. रेबीजची लस कुत्र्याला हवी तशीच मांजरालाही हवी. टेरियर उंदीर पकडतो, म्हणून लेप्टोच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

मैत्रिणींनो, मंडळाच्या कामात अनेक घरं जवळून बघायला मिळतात. त्यामुळे सासूबाईंचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. नव्या सुनेच्या माहेरावरून, जाड मुलीच्या अंगावरून, अडखळत बोलणाऱ्या धाकट्यावरून घरात रोज थट्टा चालते. कुणी डोळ्यांत पाणी आणलं की म्हणतात, “गंमत केली गं, एवढं काय!” गंमत दोघांना वाटली तरच ती गंमत. आणि घरातली लहान मुलं हे सगळं बघत असतात. माळ्यावर लपलेल्या मांजरावर आपण हसलो, तर तेही हसायलाच शिकतात. आपण उठून कुत्र्याला बाजूला घेतलं, तर तेही उठायला शिकतात.

टेरियर वाईट नाही. धाडसी आहे, मायाळू आहे, धन्यासाठी जीव टाकणारा आहे. त्याला काम हवं आणि मर्यादा हवी. मनीला आसरा हवा. या दोन्ही गोष्टी देणं आपल्याच हातात आहे, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. एक फळी, एक पट्टा, एक बंद होणारं दार आणि थोडं लक्ष, एवढं पुरतं.