अहिराणी क्रियापद आणि वास्तवाचे आकलन

भाषेची घडण माणसाच्या वास्तवाकलनाला आकार देते, हा विचार एडवर्ड सपीर (१८८४–१९३९) आणि बेंजामिन ली व्होर्फ (१८९७–१९४१) यांच्या नावांशी निगडित आहे. त्याची चर्चा बहुधा अमेरिकेतील आदिवासी भाषांच्या आधारे होते. परंतु धुळे, अमळनेर, चाळीसगाव परिसरातील अहिराणीच्या आधारेही हा विचार तपासून पाहता येतो.

प्रमाण मराठीत पुरुष ‘मी करतो’ म्हणतो, तर स्त्री ‘मी करते’ म्हणते. अहिराणीत दोघेही ‘मी करस’ म्हणतात. ‘तू करस’, ‘तो करस’, ‘ती करस’ येथेही रूप तेच राहते. अनेकवचनात ते ‘करतस’ होते. म्हणजेच हे वर्तमानकाळी क्रियापद वचन दर्शविते, लिंग नव्हे. मराठीतील भेदाचे मूळ ऐतिहासिक आहे. ‘करतो’ हे रूप वर्तमानकालवाचक धातुसाधित विशेषणापासून सिद्ध झाले आणि विशेषणाचे लिंग त्यात टिकून राहिले. ‘मी करीन’ या भविष्यकाळी रूपात मात्र मराठीतही लिंगभेद नाही.

यावरून अहिराणी भाषकाला स्त्री-पुरुषभेद कमी जाणवतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ‘तो गया’, ‘ती गयी’ या भूतकाळी रूपांत अहिराणीही लिंग दाखविते. शिवाय खानदेशातील कुटुंबव्यवस्था या भेदापासून मुक्त नाही. कोल्हापूर भागातील स्त्रिया ‘मी येतो’ म्हणतात, म्हणून त्यांचे सामाजिक स्थान बदलत नाही. रोमान याकोब्सन यांनी १९५९ मध्ये केलेली मांडणी येथे अधिक उपयुक्त ठरते : भाषाभाषांतील महत्त्वाचा भेद त्या काय सांगू शकतात यात नसून, काय सांगणे त्यांना भाग पडते यात असतो.

या भेदाचा प्रत्यय अनुवादात येतो. अहिराणी कथेतील निवेदक ‘मी करस’ म्हणत असताना स्त्री की पुरुष, हे संदिग्ध राहू शकते. मराठी अनुवादकाला मात्र पहिल्याच वाक्यात निवड करावी लागते. मुळातील संदिग्धता हेतुपूर्वक असेल, तर ती तेथेच नष्ट होते.

वर्गातही हाच प्रश्न उभा राहतो. ‘मी करस’ हे ‘अशुद्ध मराठी’ नव्हे. ग्रिअर्सन यांनी १९०७ च्या भाषिक सर्वेक्षण खंडात खानदेशीचा विचार मराठीत न करता भिल्ल भाषांबरोबर केला होता. ते वर्गीकरण वादग्रस्त मानले, तरी या बोलीला स्वतःचे व्याकरण आहे, हे नाकारता येत नाही. अहिराणी घरातून आलेली मुलगी ‘मी करते’ लिहू लागते, तेव्हा ती केवळ चूक दुरुस्त करीत नसते. प्रत्येक वाक्यात स्वतःचे स्त्रीत्व नोंदविण्याचा नवा नियम ती शिकत असते. हा फरक ओळखणारा शिक्षक बोली पुसून न टाकता दोन्ही व्यवस्था शेजारी ठेवून समजावू शकेल.