मानेतली न दिसणारी गाठ

जिभेच्या कडेला छोटीशी गाठ. बायोप्सीत कॅन्सर निघालेला. मान चाचपून पाहिली तर हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीही स्वच्छ. मग जिभेवरची गाठ काढताना मानेतल्या लसिका ग्रंथीही काढाव्यात का? डोकं आणि मान या भागातल्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनमध्ये या प्रश्नावर कित्येक दशकं वाद चालू होता. अशा रुग्णांपैकी साधारण दहातल्या तिघांच्या मानेत रोग आधीच पोचलेला असतो, पण तो फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. सगळ्यांचीच मान उघडली, तर उरलेल्या सातांना विनाकारण वण आणि खांद्याचं दुखणं. नाही उघडली, तर त्या तिघांच्या जिवाशी खेळ.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी 2005 साली वेगळीच वाट धरली. मानेत काय दडलंय हे तोंडातल्या गाठीलाच विचारलं तर?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारी तीच सुमारे 20 हजार जनुकं असतात. तरीही जिभेची पेशी यकृतासारखी वागत नाही, कारण दोन्हीकडे चालू असलेली जनुकं वेगळी. जनुक चालू असलं की त्याच्या आरएनए-प्रती निघतात. कोणत्या जनुकाच्या किती प्रती आहेत हे मोजलं की ती पेशी सध्या कोणत्या उद्योगात आहे ते कळतं. यालाच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. ती मोजायला पूर्वी मायक्रोअ‍ॅरे नावाच्या काचपट्ट्या वापरत, आता आरएनएचं थेट वाचन होतं. मात्र आरएनए मोठा नाजूक. गाठ ऑपरेशन टेबलावरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये पोचायला उशीर झाला, तर त्याचे तुकडे पडू लागतात आणि पुढची सारी गणितं कच्ची राहतात.

उट्रेख्टच्या गटाने 82 गाठी तपासल्या आणि 102 जनुकांचा एक नमुना शोधून काढला. त्यावरून मानेत रोग पोचला आहे की नाही याचा अंदाज बांधता येत होता. 2012 मध्ये डच रुग्णालयांतल्या 222 रुग्णांवर त्याची पुन्हा परीक्षा झाली. तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये चाचणीने ‘मान स्वच्छ’ असा कौल दिला, तेव्हा तो 89 टक्के वेळा खरा ठरला. आकडा चांगला आहे, पण ज्याची मान आहे त्याला उरलेले 11 टक्के जास्त मोठे वाटणार.

वादाचा निकाल लागला तो मुंबईत, आणि तोही जनुकांना हात न लावता. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी 2004 पासून रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी लगेच काढल्या, दुसऱ्यावर लक्ष ठेवून गाठ दिसली तरच शस्त्रक्रिया केली. 2015 मध्ये 500 रुग्णांचे निष्कर्ष आले: तीन वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के हयात होते, दुसऱ्यातले 67.5 टक्के. जगभर अनेक ठिकाणी पद्धत बदलली. ज्यांची मान विनाकारण उघडली जाते ते सात मात्र अजूनही आहेतच, म्हणून उट्रेख्टचा प्रश्न जुना झालेला नाही.

मग जनुकांचे असले नमुने दवाखान्यात का रुळत नाहीत? पत्रिकेत नवाऐवजी वीस हजार ग्रह असते, तर घडून गेलेली कोणतीही गोष्ट जुळवून दाखवता आली असती. शंभरेक रुग्ण आणि हजारो जनुकं असली की हेच होतं: एका रुग्णालयात चपखल बसलेला नमुना दुसरीकडे गडबडतो. त्यात पुन्हा गाठीचा तुकडा म्हणजे निव्वळ कॅन्सर नव्हे. त्यात स्नायू, रक्तवाहिन्या, रोगाशी लढायला आलेल्या पेशी, सगळ्यांची सरमिसळ असते.

ही सरमिसळ किती फसवते ते 2017 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी दाखवलं. तोवर अभिव्यक्तीवरून या कॅन्सरचे चार प्रकार मानले जात, त्यातला एक ‘मेसेंकायमल’. बॉस्टनकरांनी 18 रुग्णांच्या सुमारे 6 हजार पेशी एकेक करून वाचल्या. कॅन्सरच्या पेशी तेवढ्या वेगळ्या काढल्यावर मेसेंकायमल हा निराळा प्रकार उरलाच नाही. शेजारच्या तंतुपेशींचा आवाज त्यात मिसळला होता. मात्र गाठीच्या पुढे सरकणाऱ्या कडेवर काही कॅन्सरपेशी अशा सापडल्या, ज्यांनी जागा सोडून हलण्याची अर्धवट तयारी केली होती. त्यांचा मानेत पसरणाऱ्या रोगाशी संबंध दिसला. ग्रंथींचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो, या वेळी बऱ्याच नेमक्या पत्त्यासह.

एका बाबतीत अभिव्यक्ती रोजच्या उपचारात पोचलीही आहे. एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये पी16 हे प्रथिन भरमसाट वाढतं, ते साध्या रंगचाचणीत दिसतं. 2010 च्या एका अमेरिकी अभ्यासात एचपीव्ही असलेले 82 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, नसलेले 57 टक्के. आज या दोन रोगांचे टप्पेही वेगवेगळे मोजतात.

आपल्याकडची गोष्ट मात्र गाल आणि हिरडीची, म्हणजे तंबाखू, गुटखा, खर्रा, मिश्रीची. ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ या अमेरिकी प्रकल्पाने 2015 मध्ये 279 गाठींचा अभ्यास छापला. त्याची अभिव्यक्तीची माहिती पुण्या-नागपुरातला विद्यार्थीही फुकट उतरवून घेऊ शकतो. पण त्यातले बहुतेक रुग्ण धूम्रपान करणारे, तंबाखूचा बार गालात धरून ठेवणारे नव्हेत. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या संशोधन केंद्राने आणि बंगालमधल्या कल्याणीच्या जीनोम संस्थेने 2013 मध्ये 50 भारतीय रुग्णांच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरमधली जनुकीय बिघाडांची यादी मांडली, तेव्हा नेहमीच्या टीपी53 या जनुकासोबत काही नवी नावंही त्यात निघाली. परक्या गाठींवर बेतलेली चाचणी इथे जशीच्या तशी लावणं धाडसाचं आहे.

तेव्हा तोंडाच्या कॅन्सरसाठी कुणी महागडी जनुक-चाचणी सुचवली, तर होकार देण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावं: या रिपोर्टमुळे माझ्या उपचारात नेमकं काय बदलणार आहे, आणि ही चाचणी भारतीय रुग्णांवर पारखली आहे का?