घरोघरींची मराठी

घाटकोपरच्या आमच्या चाळींत नागपूरकडील एक कुटुंब राहावयास आलें. पहिल्याच दिवशीं त्यांची मुलगी शेजारीं जाऊन म्हणाली, "काकू, आईनं थोडा सांबार मागितला." काकू रत्नागिरीच्या. आमटीलाच हे लोक सांबार म्हणत असतील असें समजून त्यांनीं वाटीभर आमटी दिली! मुलीला हवी होती कोथिंबीर; विदर्भांत तिलाच सांबार म्हणतात. चाळींतील मुलें खो खो हंसलीं. ती बिचारी मात्र कित्येक दिवस चारचौघांत बोलेनाशी झाली.

विद्यार्थी मित्रहो, यांत चूक कोणाची? कोणाचीच नाहीं. बारा कोसांवर भाषा बदलते, आणि ती प्रथम स्वयंपाकघरांत बदललेली दिसते. आपलें उलथनें कोठें कालथा, तर नागपूरकडे सराटा. तिकडे पेरूला जाम म्हणतात. मुंबईंत जाम हें निराळेंच पाणीदार फळ. कोल्हापूरकडे चटणी मागितली तर लाल तिखटाचा डबा पुढें येतो. 'मला' हा शब्द वऱ्हाडांत 'मले' होतो, मालवणांत 'माका'. कोल्हापूरकडील पुष्कळ स्त्रिया 'मी येतो' म्हणतात. तें व्याकरणाचें अज्ञान नव्हे, त्या भागाची रीतच तशी आहे.

आपलीं उपनगरें तर साष्टी बेटावरचीं. येथील कोळी, आगरी व ईस्ट इंडियन घरांतील जुन्या बोलींत 'पाणी'चें 'पानी' व 'डोळा'चा 'डोला' होतो. येथील पोर्तुगीज अंमल मराठ्यांच्या १७३७-३९ च्या मोहिमेनें संपला. पण पाव, बटाटा, चावी, बालदी हे त्यांचे शब्द आपल्या सर्वांच्या घरीं राहिले. पुढें १८५३ सालीं ठाण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली, गिरण्या निघाल्या, आणि कोंकणांतून व घाटावरून आलेल्या माणसांनीं आपापली बोली बरोबर आणली.

शाळेंत आपण प्रमाण भाषा शिकतों, ती शिकलीच पाहिजे. नागपूरचें पत्र सावंतवाडीस कळावयास हवें. परंतु तिच्यासाठीं आजीच्या शब्दांची लाज वाटण्याचें कारण नाहीं. ते शब्द आपण टाकले, तर पुढच्या पिढीस ते कोण सांगणार?

काकूंना खरा प्रकार कळतांच त्या कोथिंबिरीची जुडी घेऊन त्या घरीं गेल्या व म्हणाल्या, "बाळ, हा घे तुझा सांबार." तेव्हां ती मुलगी प्रथमच मोकळेपणानें हंसली.