आतड्यांतील जीवाणू आणि आपली संप्रेरके

१९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातील मेंढपाळांपुढे एक अनाकलनीय संकट उभे राहिले. हिरव्यागार कुरणांत चरणाऱ्या धष्टपुष्ट मेंढ्यांना गर्भधारणा होईनाशी झाली. शोधाअंती दोष क्लोव्हर नावाच्या चाऱ्यात सापडला. त्यातील एका द्रव्यापासून मेंढीच्या पोटातील जीवाणू ‘इक्वॉल’ नावाचा पदार्थ तयार करीत होते. हा पदार्थ शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा वागत होता.

मेंढ्या महिनोन् महिने तोच चारा खात होत्या. माणसाच्या संमिश्र आहाराने असे संकट ओढवत नाही. तथापि, हीच क्रिया सौम्य स्वरूपात मानवी शरीरातही घडते. सोयाबीनमधील डेडझीन या द्रव्यापासून आपल्या आतड्यांतील काही जीवाणू इक्वॉल बनवतात. त्याची रचना इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असल्याने ते पेशींतील इस्ट्रोजेनच्या ग्राहकांना जाऊन चिकटते. मात्र त्याचा प्रभाव मूळ संप्रेरकापेक्षा पुष्कळच क्षीण असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हे जीवाणू सर्वांच्या पोटात नसतात. पाश्चात्त्य देशांत सुमारे २० ते ३० टक्के, तर जपानसारख्या आशियाई देशांत सुमारे ५० ते ६० टक्के प्रौढांच्या शरीरात इक्वॉल तयार होते. म्हणजेच दोन भगिनींनी एकाच ताटातले अन्न खाल्ले, तरी दोघींवर होणारा परिणाम वेगळा असू शकतो. रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून वाफा निघण्याच्या त्रासावर सोयाबीनचा उपयोग होतो की नाही, याविषयीचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. त्यामागील एक कारण हेच असावे, असे संशोधक मानतात.

जवस आणि तीळ यांतील लिग्नान या द्रव्यांपासूनही जीवाणू ‘एन्टेरोलॅक्टोन’ बनवतात. तेही इस्ट्रोजेनसारखे, परंतु क्षीण असते. प्रतिजैविक औषधे घेतल्यानंतर रक्तातील त्याचे प्रमाण घटते, असे फिनलंडमधील अभ्यासात आढळले आहे.

याखेरीज, यकृत वापरलेले इस्ट्रोजेन पित्तावाटे आतड्यांत सोडते. काही जीवाणू ते पुन्हा मोकळे करतात व ते रक्तात परतते. आहारात कोंडा, भाज्या व कडधान्ये यांतील तंतुमय भाग भरपूर असल्यास त्यातील अधिक भाग मलावाटे बाहेर पडतो.

यावरून आपण काय बोध घ्यावा? सोया किंवा जवसाच्या गोळ्या ‘संप्रेरकांचे संतुलन साधतात’ अशा जाहिरातींवर विसंबून राहू नये. एकीला लागू पडलेले दुसरीला लागू पडेलच, असे नाही. ज्या भगिनींवर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले आहेत किंवा चालू आहेत, त्यांनी अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याविना मुळीच घेऊ नयेत. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. डॉक्टरांनी दिल्यास मात्र त्यांनी सांगितल्याप्रमाणेच घ्यावीत. जेवणातील जवसाची चटणी, तिळकूट, डाळी व पालेभाज्या यांवर मात्र अवश्य भर द्यावा. त्यांचा लाभ इक्वॉल बनवणाऱ्यांपुरताच मर्यादित नाही.