शेतावरची सहल : एकही मूल मागे राहू नये



वसंत ऋतू आला की इथे इंग्लंडमध्ये मुलांच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी येते : वर्गाची शेतावर सहल आहे, संमतीपत्र भरून द्यावे. काही घरांतून ती सहीशिवायच परत जाते. कारणे बहुधा दोन, पैसे आणि काळजी. म्हणून ही थोडी माहिती.

ही नुसती पाहण्याची सहल नसते. 1976 मध्ये लेखक मायकेल मॉर्पर्गो आणि त्यांच्या पत्नी क्लेअर यांनी डेव्हनमधील नेदरकॉट येथे 'फार्म्स फॉर सिटी चिल्ड्रन' हा उपक्रम सुरू केला. शहरातील मुले आठवडाभर शेतावर राहतात, अंडी गोळा करतात, जनावरांना चारा घालतात, गोठा झाडतात. एक दिवसाच्या सहलीत एवढे होत नाही. पण दूध बाटलीत येण्याआधी कुठे असते, हे मूल डोळ्यांनी पाहते. आपल्या आजी-आजोबांना हे वेगळे शिकावे लागले नव्हते.

पैशांविषयी : सरकारी शाळेच्या वेळेत होणाऱ्या सहलीसाठी शाळा फक्त ऐच्छिक वर्गणी मागू शकते. ती दिली नाही म्हणून मुलाला वगळता येत नाही. मुक्कामाच्या सहलीत राहण्या-जेवणाचा खर्च घेता येतो. मात्र ठरावीक सरकारी भत्ते घेणाऱ्या कुटुंबांना त्यातून सूट असते. शाळेच्या कार्यालयात विचारायला संकोच करू नका. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्गणी जरूर द्यावी, कारण पुरेशी रक्कम न जमल्यास सगळ्यांचीच सहल रद्द होऊ शकते.

आरोग्याविषयी : जनावरांच्या शेणातून ई. कोलायसारखे जंतू पसरू शकतात. त्यावर साधा उपाय म्हणजे जनावरांना हात लावल्यावर आणि खाण्यापूर्वी साबणाने, वाहत्या पाण्याखाली हात धुणे. नुसते जेल पुरत नाही. बोटे तोंडात घालू नयेत, हे घरीच बजावून ठेवा. मेंढ्या विण्याच्या हंगामात गरोदर मातांनी मदतनीस म्हणून जाऊ नये.

मूल शाकाहारी असेल तर शाळेला आधीच लेखी कळवा. डुकरे आणि मेंढ्या कशासाठी पाळतात, हे ते विचारणारच. आधी घरी शांतपणे बोललात, तर तिथे ते गोंधळणार नाही.

एक विनंती. पाय वाढले की गमबूट वर्षभरात लहान होतात आणि नवे घेणे प्रत्येक घराला परवडतेच असे नाही. आपल्या मुलांना न बसणारे गमबूट व रेनकोट स्वच्छ धुऊन, आत माप लिहून मंदिरात आणून द्यावेत. ज्यांना हवे असतील त्यांनी नि:संकोच घेऊन जावे. नाव-गाव कोणी विचारणार नाही.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ